तू नव्हतीस म्हणून आलं

कवळीबाईंचा राग नाकावर बसून राहणारा नव्हता, तो बाईंच्या चार पावलं पुढे चालायचा. बाई कोपऱ्यावर वळायच्या आधी त्यांचा राग वळलेला दिसतो, असं त्यांचे यजमानच म्हणायचे. यजमानांनी जन्मभर बस चालवली होती, त्यामुळे वळणाबिळणातलं त्यांना कळायचं. नोकरीतून मोकळे होऊन बरेच दिवस झाले तरी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायची.

बाई कवळ्या बनवायच्या. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिच्यात एक टेबल, टेबलावर गॅसची बोटभर ज्योत, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. कुणी नवखा आत आला तर दचकायचा. बाई म्हणायच्या, "अर्धं गाव माझ्या फळीवर दात काढून हसतं, आणि तेच अर्धं गाव रस्त्यात ओळख दाखवत नाही." हे खरंच होतं. कवळी कुणाकडून करून घेतली हे कोण चारचौघांत सांगेल? आणि जे ओळख दाखवायचे ते तक्रार घेऊन यायचे.

"बाई, टोचते हो."

"टोचत नाही. तुम्ही तिच्यानं बाटल्यांची झाकणं उघडता."

"कुणी सांगितलं?"

"कवळीनंच. बघा, इथं कोपरा उडालाय. तोंड आहे का अडकित्ता?"

पण काम चोख. त्यांच्या हातची कवळी तोंडात बसली की माणूस विसरून जायचा. राग मात्र कुणी विसरायचं नाही.

मांजराचं वेड लागलं तेही रागातूनच. एकदा दंतवैद्य बाहेरच्या खोलीतलं एक मासिक घेऊन आत आले आणि टेबलावर उघडून ठेवलं. "बाई, तुमचा फोटो छापून आलाय!" पानभर एक मांजर होतं. मांजर कसलं, राखी रंगाचं जुनं पायपुसणं, आणि त्याला कुणीतरी चेहरा चिकटवलेला. चपटं कपाळ, कान डोक्याच्या कडेला खाली ढकललेले, वाटोळे पिवळे डोळे, आणि तोंडावर असा भाव, की जगात जे काय चाललंय त्यातलं काहीही मला विचारून केलेलं नाही. खाली लिहिलं होतं: मनुल. थंड डोंगराळ माळावरचं रानटी मांजर, आकारानं आपल्या घरच्या मांजराएवढंच.

बाई आठवडाभर दंतवैद्यांशी बोलल्या नाहीत. पण ते पान त्यांनी फाडून घरी नेलं. स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, आणि साखर काढायला दार उघडलं की दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघायचे. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "चला, घरात तुझ्या तोडीचं कुणीतरी आलं." त्या दिवशी त्यांना चहा बिनसाखरेचा मिळाला.

मग सुटी आली की दोघं निघायची. ज्या शहरात प्राणिसंग्रहालय, त्या शहराची बस. ड्रायव्हरसाहेब पुढच्या सीटवर बसून चालवणाऱ्याच्या चुका मनात मोजायचे, बाई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका मोठ्यानं मोजायच्या. आत गेलं की वाघ-सिंहांकडे ढुंकून बघायचं नाही. "त्यांना बघायला सगळं जग आहे," बाई म्हणायच्या. पाणपक्षी ओलांडायचे, हत्ती ओलांडायचा, आणि मागच्या बाजूला, कचऱ्याच्या गाड्या उभ्या असतात त्या अंगाला, छोट्या मांजरांची चाळ शोधायची.

त्या चाळीत बाईंनी पुष्कळ बघितलं. पाण्यात पंजा घालून मासा उडवणारं मासेमार मांजर बघितलं. मुठीत मावेल एवढी वाघाटी बघितली, अंगावर गंजाचे ठिपके आणि नजर मात्र पट्टेदार वाघाची. वाळवंटातलं वाळूमांजर बघितलं, त्याच्या तळव्यांवरसुद्धा केस. लांब टांगांचं आफ्रिकेतलं सर्वल मांजर गवतावरून उडी मारताना बघितलं. मांजर जांभई देताना तर बाई अगदी काचेला नाक लावायच्या. धंद्याची सवय. "बघा, बघा, वरचा सुळा. याला म्हणतात दात. नाहीतर आपली गिऱ्हाइकं!"

फक्त मनुल दिसलं नाही. एका ठिकाणी पिंजऱ्यावर पाटी: "प्राणी विश्रांती घेत आहे." दिवसभर तो विश्रांतीच घेत राहिला. दुसऱ्या ठिकाणी ते नुकतंच दुसरीकडे पाठवलेलं. आणखी एका ठिकाणी दगडांची रास, दगडांत कपारी, आणि रंगीत पाटी: "मी इथेच आहे! शोधा पाहू!" ही पाटी वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही काय चेष्टा आहे का? डोळे दुखायला आले, आणि हे आमच्याशी लपाछपी खेळतात!"

लोकांवरचा राग त्याहून मोठा. लोक यायचे, क्षणभर थांबायचे, आणि म्हणायचे, "रिकामाच आहे की!" कुणी काचेवर टकटक करायचं. कुणी शीळ घालायचं. एक गृहस्थ एकदा म्हणाले, "मांजर बघायला तिकीट कशाला? घरी नाही का मांजर?" बाई वळल्या. "घरी आरसाही आहे ना तुमच्या? मग हे तोंड गावभर दाखवत कशाला फिरता?"

म्हणून बाईंनी एक नियम केला. पिंजऱ्यापुढे बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. काही दिसलं तर दुसऱ्याच्या कोपराला बोट लावायचं, बस. ड्रायव्हरसाहेबांनी नियम पाळला. त्यांना बोलायची विशेष हौस नव्हतीच, आणि बाईंच्या शेजारी बसून ती संधीही मिळायची नाही.

ज्या दिवसाची ही गोष्ट, तो थंडीचा होता. त्या लपाछपीच्या पाटीपुढेच दोघं बाकावर बसली होती, मफलर गुंडाळून. एक माणूस आला. बोटात जाडजूड अंगठी. त्यानं अंगठीनं काचेवर टक, टक, टक असं वाजवायला सुरुवात केली, जसं काही आत नोकर झोपलाय आणि त्याला उठवायचंय. बाईंनी आधी नुसतं बघितलं. मग घसा खाकरला. मग नियम गेला चुलीत.

"ओ! तुमच्या झोपायच्या खोलीच्या दारावर कुणी अशी अंगठी वाजवली तर?"

"तुमचं आहे का हे मांजर?" तो म्हणाला.

"नाही, पण तुमच्या बापाचंही नाही!"

तो हसला आणि आणखी दोनदा वाजवून निघून गेला. बाई तडक उठल्या. फाटकापाशी तिकीटघरामागे ऑफिस होतं. तिथं त्यांनी साहेबांना बाहेर बोलावलं, साहेब नव्हते म्हणून कारकुनाला बोलावलं, पहारा का नाही विचारलं, पाटी कुणी लिहिली विचारलं, आणि काच जाड करा, नाहीतर लोकांची बोटं बारीक करा असं सांगून परत आल्या. येताना पाय भराभर पडत होते आणि तोंडातून वाफ निघत होती.

ड्रायव्हरसाहेब बाकावर होते तसेच बसले होते. फक्त चेहरा वेगळा होता, नुकती आंघोळ करून उठल्यासारखा.

बाईंनी कोपराला बोट लावून भुवया उंचावल्या. काही हललं?

"वारा हलला," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

झालं. पुढे ऋतू बदलले, बाईंनी पुष्कळ जबडे भरले, पुष्कळ लोकांना झापलं. एका रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई टेलिफोन कंपनीत होता, स्वभावानं हसरा, आणि हसऱ्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही.

"आई, एक विचारू? ते मनुल म्हणून काही खरंच असतं का? का हे लोक रिकामे पिंजरे बांधून पाट्या लावतात? तुम्ही एवढं फिरलात, तुम्हाला एकदाही दिसलं नाही!"

बाईंनी ताटावरून मान वर केली. त्या काही म्हणायच्या आधी ड्रायव्हरसाहेबच उसळले. बायकोची बाजू घेण्यात ते कधी मागे नव्हते.

"असतं म्हणजे काय! चांगलं असतं! अरे, ते पळत नाही इतर मांजरांसारखं. पोट जमिनीला घासत असं सरकतं. थांबलं की दगड. पुन्हा सरकलं, पुन्हा दगड. आणि गारठा असला ना, तर काय करतं माहितीये? आपलीच शेपटी पुढे घेतं, आणि पुढचे दोन्ही पाय तिच्यावर ठेवून उभं राहतं! शेपटीची सतरंजी! आणि असं तुझ्याकडे बघतं, की..."

ते थांबले. त्यांना वाटलं खिडकी उघडी राहिली की काय, इतकं गार वाटलं.

"अहो," कवळीबाई म्हणाल्या. आवाज असा मऊ होता की लेकीनं चमचा खाली ठेवला. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलं कुठंतरी."

"तुम्ही? बसची पाटी सोडून जन्मात काय वाचलंत?"

"चित्रात असेल."

"माझ्या एकाही चित्रात ते शेपटीवर उभं नाही. आणि चित्रातलं मांजर सरकतं का हो? थांबतं, मग सरकतं?"

जावई म्हणाला, "आई, जाऊ द्या ना, मी आपलं सहज..."

"तू जेव!" बाई म्हणाल्या. तो जेवू लागला.

ड्रायव्हरसाहेब पाणी प्यायले. रिकामा पेलाही पुन्हा एकदा प्यायले. मग सांगितलं. त्या थंडीच्या दिवशी. तू ऑफिसात गेली होतीस तेव्हा. वरच्या कपारीतून आलं, खाली उतरलं, काचेपर्यंत आलं. शेपटीवर उभं राहिलं. बराच वेळ.

"आणि मला हाक नाही मारलीत?"

"बोलायचं नाही असा नियम होता."

"धावत यायचं होतं!"

"पाय हलेनात."

"आणि परत आले तेव्हा? वारा हलला म्हणालात! वारा! मी त्या बाकावर तुमच्या शेजारी पुन्हा दिवस मावळेपर्यंत बसले, पाय गोठले माझे, आणि तुम्ही पोटात मांजर घेऊन बसला होतात!"

"सांगितलं असतं तर तू चिडली असतीस."

"आणि आता काय नाचतेय का मी?"

इथवर ठीक होतं. अशी भांडणं त्या घराला नवीन नव्हती. लेक तर त्यातच वाढली होती. पण ड्रायव्हरसाहेब सरळ माणूस, आणि सरळ माणूस एकदा खरं बोलायला लागला की त्याचे ब्रेक लागत नाहीत. ते म्हणाले, "खरं सांगू? किती शांत होतं तिथं. कुणी कुणावर चिडलेलं नाही. तू नव्हतीस म्हणून आलं ते."

लेक म्हणाली, "बाबा!"

कवळीबाई उठल्या. ताटं उचलली. नळाखाली धरली. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून शब्द संपलेले कुणी पाहिले नव्हते, म्हणून जावईसुद्धा उठून ताटं पुसायला लागला.

पुढचे काही दिवस घरात भांडीच बोलत होती. दवाखान्यामागच्या खोलीत बाई मेण कापायच्या ते मानगूट कापल्यासारखं. राग होताच, पण नेहमीचा राग म्हणजे पेटवली काडी, फेकली बाहेर. हा आतच जळत होता. तू नव्हतीस म्हणून. म्हणजे मी असते म्हणून येत नाही? म्हणजे एवढी गावं, एवढे पिंजरे, एवढी बाकं, सगळीकडे मीच त्याला कपारीत कोंडून ठेवलं? फळीवरचे जबडे हसत होते. बाईंनी त्यातल्या एकाचं तोंड भिंतीकडे केलं. मग सगळ्यांचीच केली.

आणि एका सकाळी कोट चढवून म्हणाल्या, "मी चालले."

"कुठं?" ड्रायव्हरसाहेब उठले. "थांब, बूट घालतो."

"तुमचं बघून झालंय."

बस त्यांनी एकटीनं पकडली. पुढची सीट रिकामी होती, तरी मागे बसल्या.

पाटी तीच होती. दगड तेच. बाई बाकावर बसल्या आणि त्यांनी मनाशी ठरवलं, आज तोंडात मिठाची गुळणी. जग बुडालं तरी चिडायचं नाही. चिडले नाही आणि तरी आलं, तर घरी जाऊन त्या माणसाला त्याचं वाक्य परत गिळायला लावीन, तेही पाण्याशिवाय.

सोपं नव्हतं. एक शाळा आली, तिनं काचेवर हातांचे ठसे उमटवले. बाई गप्प. एक जोडपं आलं, "रिकामाच आहे" म्हणालं. बाईंनी दातओठ खाल्ले, पण गप्प. एक आजीबाई शेजारी बसून मोठ्यानं नाक शिंकरत राहिल्या. गप्प. मग एक उंच माणूस आला, हातात छत्री, आणि छत्रीच्या दांड्यानं काचेवर ठोकू लागला. बाईंच्या मानेची शीर उडायला लागली. बोटं कोटाच्या खिशात गेली आणि तिथं एक मेणाचा तुकडा सापडला, तो त्यांनी असा मळला की पार मऊ करून टाकला. पण शब्द काढला नाही.

छत्रीवाला कंटाळला. पण गेला नाही, तिथंच उभा राहून आकाशाकडे बघत बसला.

आणि वरच्या कपारीतला एक दगड हलला.

दगडाला कान होते. अगदी खाली, कडेला. बाईंनी श्वास रोखला. दगड सरकला, थांबला. पोट घासत खाली आला. थांबला. वाऱ्यानं अंगावरचे केस हलले तेवढंच. मग वळला, आणि चेहरा दिसला. तोच चेहरा, जगातलं काहीही आपल्याला विचारून केलेलं नसल्याचा. वाटोळे डोळे बाईंवर येऊन थांबले. एवढंसं होतं ते! मासिकात पानभर होतं, इथं सहज मांडीवर मावेल. आणि त्या एवढ्याशा अंगात असा ठासून भरलेला राग, की बाईंना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि हात आपसूक शेजारच्या कोपराकडे गेला. शेजारी कोपर नव्हतं. बाकाचं लाकूड होतं.

"अहो!" बाई किंचाळल्या. "अहो, बघा!"

मांजर नव्हतंच. क्षणात. दगड तेवढे राहिले.

"काय?" छत्रीवाला वळला. बाईंनी आपल्यालाच हाक मारली असं त्याला वाटलं, आणि का वाटू नये? मागून खराटा घेतलेला झाडूवालाही धावत आला. "काय झालं बाई? पडलात का?"

"काही नाही."

"ओरडलात तुम्ही."

"ओरडले."

छत्रीवाला काचेपाशी गेला, रिकाम्या दगडांकडे बघितलं, आणि मग बाईंकडे. "काय हो हे! आलं होतं ना ते? इतका वेळ मी उभा आहे. शिकलेल्या दिसता, आणि एवढ्या मोठ्यानं बोंब मारता? लोकांना जरा कळायला नको का, प्राण्यांपुढे आवाज करू नये म्हणून!"

कवळीबाईंच्या आयुष्यात त्यांना असं कुणी झापलं नव्हतं, आणि झापलेलं इतकं खरंही कधी नव्हतं. त्या उठल्या आणि चालू लागल्या. पाय कुठं पडत होते ते त्यांना कळत नव्हतं. राग आला होता, पण कुणावर ते नीट सापडत नव्हतं. छत्रीवाल्यावर? तो बरोबर होता. मांजरावर? त्याचा काय दोष. फाटकापर्यंत जाईपर्यंत बाईंनी सगळ्यांना सोडून दिलं आणि शेवटी एकच माणूस राहिला, तो घरी बसला होता.

ड्रायव्हरसाहेब स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. जाड सोलत होते, अर्धा बटाटा सालीबरोबर. बाईंनी दार इतक्या जोरानं लावलं की कपाट आपोआप उघडलं.

"आलं!" बाई ओरडल्या. "ऐकलंत? मी होते तिथं, आणि ते आलं! काचेपर्यंत नाही, पण आलं! माझ्याकडे बघितलं! मी होते तरी आलं!"

ड्रायव्हरसाहेबांनी सुरी ठेवली. "अगं, वा! मग? किती वेळ?"

"वेळ कसला? मी ओरडले ना!"

"तू? पिंजऱ्यापुढे?"

"हो, मी! अहो म्हणून ओरडले. एक छत्रीवाला ओ देऊन वळला. पळून गेलं ते." बाईंचा आवाज चढत चढत गेला आणि वर जाऊन फाटला. "तुम्ही नव्हतात! तिथं असायला नको होतं का? कोपर कुठं होतं तुमचं?"

ड्रायव्हरसाहेब हसायला लागले. मग बायकोचं तोंड बघून थांबले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हाचंही, आणि जेवतानाचंही. बोलायला नको होतं ते."

"नकोच होतं बोलायला. राग गेला असं समजू नका. तो असाच राहणार." बाईंनी कोट खुर्चीवर फेकला आणि सोललेल्या बटाट्यांकडे बघितलं. "हे काय, बटाटे सोललेत का तासलेत? आणा इकडे ती सुरी."

त्यांनी सुरी दिली. बाई सोलायला लागल्या. थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं केवढं होतं?"

"केवढं म्हणजे?" ड्रायव्हरसाहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "एवढं तरी असेल."

"एवढं? तो काय बिबट्या आहे का?"

"अगं, केस फुगवले होते ना थंडीनं."

"फुगवले म्हणून एवढे? डोळे तपासून घ्या. म्हणून तुम्हाला बसचे थांबे दिसायचे नाहीत."

"मी एकही थांबा चुकवला नाही जन्मात!"

"अहो, एवढं नाही हो," कवळीबाई चिडून म्हणाल्या. सुरी खाली ठेवून त्यांनी ओल्या हातांनी त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि एकमेकांजवळ ढकलली, आणखी ढकलली. "एवढं. बघा. एवढंसंच होतं."